धाकट्याच्या डोळ्यावरचे रेडियम

सवितानारायणा, तुझ्या चरणी मस्तक ठेवून ही लेखणी उचलतो. आज रथसप्तमी. वृंदावनापुढे सुनांनी रांगोळीचा रथ रेखला, गोवऱ्यांवर ठेवलेले दूध पूर्वेकडे उतू गेले, आणि नैवेद्य झाल्यावर माझा पुतण्या कागदांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, "काका, माझ्या वडिलांच्या डोळ्यावर रेडियम ठेवले होते, ती सगळी हकिकत आता तुम्हालाच ठाऊक. लिहून ठेवा." दिवस चांगला आहे आणि मागणी योग्य आहे. परंतु त्यास हवी आहे ती डॉक्टरांची हकिकत. ती लिहू लागलो की तिच्या बरोबरीने माझा मत्सर लिहावा लागतो. तो वगळला तर उरलेले सारे अर्धसत्य होईल, आणि या वयात अर्धसत्य लिहिण्याचे मला प्रयोजन उरलेले नाही.

आमचे गाव जंजिरा संस्थानात, बोर्ली पंचतनपासून चालत अर्ध्या प्रहराच्या वाटेवर. गावच्या महादेवापुढे वैशाखात संहितेचा स्वाहाकार होतो. आठ दिवस ऋचांनी आहुत्या पडतात, आणि आचार्याच्या पहिल्या आसनावर बसणाऱ्याच्या स्वराला बाकीच्या ब्राह्मणांनी स्वर लावायचा असतो. ते आसन तीन पिढ्या आमच्या घरात होते. मी थोरला, भाऊ तीन वर्षांनी धाकटा. दोघांनाही वडिलांनीच शिकवले, एकाच ओसरीवर, एकाच चटईवर. आमच्या शाखेत स्वर मानेने शिकवतात. गुरू शिष्याचे डोके हातात धरतो, खालच्या स्वराला मान खाली दाबतो, वरच्याला वर उचलतो. सहा-सात वर्षे असे झाले की डोक्यावरचा हात निघून गेला तरी मान आपली आपण चालते. मनातल्या मनात ऋचा आली तरी चालते. वैदिकाला विचारा, तो हसेल आणि मान्य करील.

वडील थकले तेव्हा सर्वांनी धरले होते की आसन थोरल्याकडे जाईल. वडिलांनी गावासमोर धाकट्याचा हात धरून त्यास तेथे बसवले. मला ते एवढेच म्हणाले, "तुझे पाठांतर शुद्ध आहे. त्याचा स्वर जिवंत आहे. देवाला दोन्ही चालतात, ऐकणाऱ्यांना दुसरे हवे." मी नमस्कार केला आणि दुसऱ्या आसनावर जाऊन बसलो. तेथे अकरा वैशाख बसलो. या अकरा वर्षांत माझ्या तोंडून एक वाकडा शब्द निघाला नाही. लोक माझ्या शांतीचे कौतुक करीत. ती शांती नव्हती. लाकडाच्या भुशात विस्तव पडला म्हणजे ज्वाळ दिसत नाही, तसा तो प्रकार होता.

इसवी सन एकोणीसशे तिसानंतरची ती वर्षे. भावाच्या उजव्या डोळ्यात पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या काठाला लागून, तांदळाच्या कणीएवढी लालसर गाठ दिसू लागली. आमच्या वैद्यबुवांनी ते अर्म, म्हणजे डोळ्यावर वाढणारे साधे मांस, ठरवून अंजन दिले. वर्षाच्या आत गाठ तुरीच्या दाण्याएवढी झाली आणि बुबुळावर चढू लागली. अलिबागेस एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "हा कर्करोग आहे. डोळा काढा. ठेवलात तर माणूस जाईल."

परतीच्या वाटेवर रेवदंड्याच्या धक्क्यावर आम्ही होडीची वाट पाहात बसलो होतो. भाऊ खाडीच्या पाण्याकडे पाहात होता. मग म्हणाला, "दादा, डोळा गेला तर आसनाचं काय?"

मी म्हणालो, "आचार्य अव्यंग असावा, असा आपल्याकडचा नियम आहे. ज्याचा अवयव गेला त्याने पहिल्या आसनावर बसू नये."

उत्तर चुकीचे नव्हते. ते फार लवकर आले. त्याचा प्रश्न पुरा होण्यापूर्वी ते माझ्या जिभेवर तयार होते, जणू कैक दिवस तेथेच बसून होते. भावाने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "हो. तू बसशील. बरं होईल." त्याच्या बोलण्यात काही टोचणी नव्हती. मला मात्र ते शब्द गोड लागले, आणि धाकट्या भावाचा डोळा जाणार या वार्तेत मला गोडी वाटते आहे, हे मला त्या धक्क्यावर उघड्या उन्हात स्वच्छ समजले.

डोळा काढण्यासाठीच आम्ही श्रीवर्धनहून आगबोटीने मुंबईस गेलो. भाऊ, त्याची पत्नी आणि मी. इस्पितळातले डॉक्टर पारशी होते, वयस्क, तोंडाने फटकळ. त्यांनी गाठीचा बारीक तुकडा तपासला आणि तिसऱ्या दिवशी आम्हास बोलावले.

"डोळा काढायला मी तयार आहे," ते म्हणाले. "पण आमच्याकडे रेडियम आहे. गाठ अजून वरवर आहे, आत शिरली नाही. रेडियमचे किरण नेमके तिच्यावर टाकले तर ती जळेल, डोळा राहील. नजर कमी होईल. पण डोळा राहील."

भावाचा चेहरा उजळला, आणि तो उजेड मला सहन होईना. गेला महिना मी मनाने पहिल्या आसनावर बसून पाहिले होते. पहिल्या ऋचेला कोणता स्वर लावायचा, हेही ठरवले होते. डॉक्टरांच्या एका वाक्याने मला तेथून उठवले.

"काय अडचण, भटजी?" डॉक्टरांनी मला विचारले. "तुमचा चेहरा असा का? भाऊ खूश, तुम्ही नाही?"

"नवीन उपाय आहे, म्हणून भीती वाटते," मी म्हणालो.

"भीती वाटायलाच पाहिजे. रेडियम म्हणजे जनावर आहे. जिथे सोडलं तिथलंच खातं. चांगलं मांस, वाईट मांस, त्याला पत्ता नाही. म्हणून बांधून ठेवायचं. तांदळाएवढी जागा सरकली, तर गाठ राहील आणि बुबुळ जळेल. तुमच्या भावाला सांगा, लाकडासारखं पडायचं. रोज चार तास, आठ दिवस."

उपाय कसा झाला ते पुतण्यासाठी नीट लिहितो. प्रथम भावाच्या चेहऱ्याचा मेणाचा साचा घेतला. मिटलेल्या पापणीवर गाठ जेथे येईल तेवढ्या जागी साच्यात खाच केली होती. शिशाच्या जाड पेटीतून नर्स लांब चिमट्याने सुईएवढ्या नळ्या काढी आणि त्या खाचेत बसवी. रेडियम त्या नळ्यांत. नाकाच्या बाजूला आणि दुसऱ्या डोळ्यावर शिशाचा पत्रा असे, म्हणजे तिकडे किरण जाऊ नयेत. कपाळावर आणि गालावर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या होत्या. साच्याची कडा त्या खुणांशी जुळली की वर पट्टी बांधीत आणि डोक्याच्या दोहों अंगांना वाळूच्या पिशव्या ठेवीत. बोलण्याने गाल हलतो, म्हणून बोलणे बंद. काही हवे असल्यास हाताशी पाटी होती. तो चाचपडत त्यावर लिही. आम्हास मात्र भिंतीपाशी, दाराजवळ बसवीत. नर्स वसईकडची ख्रिस्ती बाई होती. पहिल्या दिवशी मी खुर्ची पुढे ओढली तशी ती म्हणाली, "भटजी, तिथंच! त्या नळ्यांना तुमचं सोवळंओवळं कळत नाही."

पहिल्या दिवशी तास-दीड तासातच भाऊ कासावीस झाला. मौन राखून, अंधारात, हालचालीविना पडणे ज्याचा दिवस पहाटेपासून पठणात जातो त्यास किती कठीण, हे मी जाणतो. त्याने पाटीवर लिहिले, "दादा, सूर्याची सूक्ते म्हण." नर्सने डॉक्टरांस विचारून परवानगी आणली. मी दारापाशी बसून सुरुवात केली. त्याचा श्वास संथ झाला. चार तास निघाले. साचा काढताना नर्सने कपाळाला आठ्या घातल्या. कडा शाईच्या खुणेपासून केसभर खाली आली होती.

"झोपेत हललात?" तिने विचारले.

"जागाच होतो. हललो नाही," भाऊ म्हणाला. त्यास खरेच तसे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मी म्हणू लागलो, आणि त्या दिवशी मी पाहिले. मी खालचा स्वर घेतला की त्याची हनुवटी किंचित छातीकडे जाई, वरचा घेतला की किंचित वर येई. वाळूच्या पिशव्या मान आडवी हलू देत नसत. खालीवर हलण्यास त्यांची आडकाठी नव्हती. ती हालचाल एवढी बारीक की नर्सला दिसली नसती. मला दिसली, कारण तीच हालचाल माझ्याही मानेत होती. वडिलांनी दोघांच्या डोक्यांवर एकच हात ठेवला होता.

त्याच क्षणी मी थांबावयास हवे होते. मी थांबलो नाही.

यास मी कारण देतो, सबब देत नाही. पुतण्याने हा फरक ध्यानात घ्यावा. त्याचा डोळा जळावा अशी इच्छा मला त्या क्षणी झाली, असे म्हणणे पुरते खरे नाही. अकरा वर्षे माझी मान त्याच्या स्वरामागून चालली होती. स्वाहाकारात तो उचली, मी उचली. तो टाकी, मी टाकी. आणि आज प्रथमच तो निजलेला, मुका, आणि त्याची मान माझ्या स्वरामागून येत होती. शिष्याची यावी तशी. मी पाहात राहिलो आणि म्हणत राहिलो. स्वर अधिक ठाशीव केला. ती मान अधिक ठळक चालू लागली. अर्धे सूक्त मी असे म्हटले, आणि त्या अर्ध्या सूक्ताइतके सुखाचे पठण माझ्या हातून आयुष्यात झाले नव्हते. पट्टीखालच्या त्या नळ्या माझ्या ध्यानात होत्या. त्या कशासाठी आहेत हेही मी विसरलो नव्हतो.

मग नर्स आत आली, तिने पट्टीकडे पाहिले आणि ओरडली. साचा सरकला होता. डॉक्टरांना बोलावले. पापणीच्या खालच्या अंगाला, जेथे गाठ नव्हती तेथे, कातडी लाल झाली होती.

डॉक्टर भावावर तडकले. "मी सांगितलं होतं ना, लाकूड! तुम्ही देवमाणसं पूजेत तास तास बसता, आणि इथे चार तास पडता येत नाही? उद्या पुन्हा असं झालं तर रेडियम बंद. मग चाकूच. समजलं?"

भावाने हात जोडले. "साहेब, मी हललो नाही. देवाशपथ हललो नाही."

"मग साचा काय स्वतः चालत गेला?"

मी तेथेच उभा होतो. मला बोलता आले असते. मी बोललो नाही.

त्या दिवशी दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात माझी भावजय माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमच्या घरी तेव्हाची रीत अशी की धाकट्याच्या पत्नीने मोठ्या दिराशी समोरासमोर बोलावयाचे नाही. सतरा वर्षे ती एका छताखाली होती. भात वाढताना 'थोरल्या भावजींना विचारा, आमटी हवी का,' असे ती भिंतीला विचारी. त्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून ती सरळ माझ्याकडे पाहात म्हणाली,

"भावजी, तुम्ही ऋचा म्हणता तेव्हाच यांची मान हलते. मी आज पाहिलं."

मी म्हणालो, "हो. मीही पाहिलं."

"केव्हा?"

मी उपरण्याचा काठ बोटाभोवती गुंडाळू लागलो. ती थांबली. मग म्हणाली, "मला स्वर कळत नाहीत. मला एवढंच कळतं, की उद्याचा दिवस नीट सरला नाही तर यांचा डोळा काढतील. आणि डोळा काढला तर हे घरात जिवंत राहतील, पण माणूस म्हणून उरायचे नाहीत. आता तुम्हीच थोरले. काय करायचं ते तुम्ही सांगा."

"उद्यापासून ऋचा म्हणणार नाही."

"मग ते चार तास काढायचे कसे? वेडे होतील."

"दुसरं काही म्हणेन. ज्याला मान लागत नाही असं."

तिसऱ्या दिवसापासून मी भगवंताची नुसती नावे म्हणू लागलो. बायका दळताना म्हणतात, म्हातारे ओटीवर माळ ओढताना म्हणतात, तशी. एका सुरात, चढ नाही, उतार नाही. ज्याने पंचवीस वर्षे स्वराची साधना केली त्याने तो मुद्दाम बोथट करून चार तास बसणे, हे मला किती जड गेले ते सांगून कळणार नाही. कुठे चुकून आवाज चढू लागला की मी जीभ दाबी. दृष्टी भावाच्या हनुवटीवरून हलू देत नसे. ती स्थिर राहिली. एकदाच थोडी थरथरली, आणि मी म्हणता म्हणता गप्प झालो. ती पुन्हा स्थिर झाल्यावर पुढचे नाव घेतले.

साचा निघाला तेव्हा कडा खुणेवर होती. नर्स म्हणाली, "आज बघा कसे शहाण्यासारखे!" भावाने गाल चोळला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाला, "दादा, तुझी नामावळी म्हणजे अफूच. दहावं नाव येईपर्यंत मी ठार झोपलो. रागावू नकोस, पण कालचं सूक्त तू फार सुंदर म्हटलंस. वडील असते तर खूश झाले असते."

अकरा वर्षे ज्या प्रशंसेची मी वाट पाहिली ती त्याच्या तोंडून आली, आणि आली ती त्या अर्ध्या सूक्तासाठी.

पुढले पाच दिवसही मी नावेच म्हटली. महिनाभराने गाठ सुकून खपलीसारखी झाली, नंतर नाहीशी झाली. पापणीचे केस झडले, बुबुळावर धुरकट डाग राहिला. त्या डोळ्याने त्यास माणूस दिसे, चेहरा दिसत नसे. पण डोळा राहिला. चैत्र सरता सरता आम्ही परत निघालो. श्रीवर्धनला आगबोटीतून पडावात उतरताना एक कोळीण हसून त्यास म्हणाली, "काय भटजी, डोल्यात सूर्य बसवून आनलाव म्हनं! आता तुमच्या घरात दिवा लागत नसल!" सारा पडाव हसला, तोही हसला. मला मात्र तेही सलले. जो माणूस रोग घेऊन गेला होता तो कीर्ती घेऊन परतत होता. बंदरापासून गावापर्यंत लोक थांबून त्याचा डोळा पाहात होते.

वैशाख उजाडण्यापूर्वी देवळाच्या सभामंडपात पंच बसले. प्रश्न एकच. डोळ्यावर डाग, नजर अंधुक. हे व्यंग की नाही? शास्त्र पाहण्याचे काम माझ्याकडे आले, कारण गावात तेवढे वाचलेला मीच. दोन्ही बाजूंची वचने मला पाठ होती. दोन्ही मांडता आली असती. डाग हे व्यंग ठरविण्याची बाजू अधिक बळकट मांडता आली असती, आणि कोणासही शंका आली नसती.

मी म्हणालो, "अवयव नसणे हे व्यंग. अवयव आहे. मलीन झाला म्हणून तो गेला असे होत नाही."

गावचे म्हातारे खोत मिशीतून हसत म्हणाले, "थोरले, ताट वाढून तुमच्यापुढं आलं होतं. तुम्हीच पलीकडं सरकवलंत?"

"माझं नव्हतं," मी म्हणालो.

मंडपाच्या पायरीखाली बायका उभ्या होत्या. त्यांत भावजय होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही.

स्वाहाकार सुरू झाला. तो पहिल्या आसनावर, मी दुसऱ्या. त्याने पहिली ऋचा उचलली, आणि तो स्वर पूर्वीपेक्षा खोल होता. दुःख भोगून आलेल्या माणसाचा होता. मंडपात कोणी खोकले नाही. मी त्यामागून स्वर लावला, आणि मला मत्सर वाटला. हे लपवीत नाही. पुढली वीस वर्षे तो प्रत्येक वैशाखात वाटला. त्यास मी घालवू शकलो नाही. त्या मत्सराच्या हाती पुन्हा काही दिले नाही, इतकेच माझ्या आयुष्याचे कर्तृत्व.

भाऊ गेला तेव्हा तो डोळा त्याच्याजवळ होता. त्या दुसऱ्या दिवसाविषयी मी त्यास कधी सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने क्षमा केली असती, आणि ती क्षमाही मला त्याच्याहून लहान करून गेली असती, या भीतीने सांगितले नाही. ती भीतीही मत्सराचीच. भावजय आजही या घरात आहे. त्या दिवसापासून ती माझ्याशी समोरासमोर बोलते. औषध घेतले का विचारते, पथ्य मोडले की रागावते. 'केव्हा' हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही. उत्तर तिला ठाऊक आहे, हे मला ठाऊक आहे.

आता ते तिच्या मुलासही कळले. बाबा, तुझ्या वडिलांचा डोळा रेडियमने राहिला, डॉक्टरांच्या हाताने राहिला, तुझ्या आईच्या दृष्टीने राहिला. माझ्यामुळे तो जाता जाता राहिला. उद्या सकाळी तू मला नमस्कार करायचा की नाही, ते हे वाचून तू ठरव. नाही केलास तरी मी तुला काही विचारणार नाही.

आणि हे ज्याच्या हाती पडेल त्या वाचकास या वृद्धाचे सांगणे एवढेच: तुमच्या घरी अन्न सदा शिजत राहो, लेकीसुना निरोगी नांदोत, एका ताटात जेवलेली भावंडे म्हातारपणीही एका पंक्तीस बसोत, आणि मनात जे जळते ते ओळखण्याइतकी निर्मळ बुद्धी परमेश्वर तुम्हास वेळेवर देवो. शुभं भवतु.